पहिल्या दुकानात राहिलेला खांब

आमच्या दुकानांच्या साखळीत तेवीस दुकानं होती. त्यातल्या एका दुकानात खांब होता आणि उरलेल्या बावीस दुकानांत तो नव्हता. तुम्ही म्हणाल, बाई, यात सांगण्यासारखं काय आहे? दुकानाच्या मधोमध खांब नसतोच. बरोबर आहे. पण आमच्या बावीस दुकानांत तो ज्या जागी नव्हता, ती जागा सगळ्यांना पाठ होती. ‘खांबापाशी पुसून घे’, ‘साबणाची खोकी खांबाजवळ ठेव’, ‘त्या आजोबांना खांबाशी उभं राहायला सांग’ असं आम्ही दिवसभर बोलत असू. नवीन लागलेली माणसं पहिले दोन दिवस खांब शोधत फिरायची आणि तिसऱ्या दिवशी आमच्यासारखीच बोलायला लागायची.

हा घोळ माझ्या बाबांनी घातला होता. बाबा सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. फक्त माझी आत्या, त्यांची थोरली बहीण, त्यांना ‘बाळ्या’ म्हणून हाक मारायची, तीही भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. पन्नाशीचा, मिशा पिकलेला, कानाला पेन्सिल लावलेला बाळ्या मग निमूटपणे ‘आलो ताई’ म्हणायचा.

मालकांचं मूळ दुकान नुसतं औषधांचं होतं. एका बोळातलं. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. आत्या तिथे औषधं द्यायची. मालक माणूस चक्रम, पण डोकं तल्लख. त्यांच्या मनानं दोन गोष्टी घेतल्या होत्या. एक म्हणजे, औषध घ्यायला आलेल्या माणसाला साखर आणि साबणही लागतोच, मग आजारी माणसाला दोन ठिकाणी कशाला हिंडवायचं? आणि दुसरी, खोकं फाटलं म्हणून आतला साबण काही फाटत नाही. मग त्यांनी बंद पडलेल्या दुकानांचा माल, चेपलेले डबे, लेबल निघालेल्या बाटल्या, कोपरे मोडलेली खोकी असं सगळं पडत्या भावानं उचलायला सुरुवात केली. औषधं मात्र नेहमी नवी आणि सीलबंद. त्या बाबतीत आत्या त्यांचंही ऐकत नसे.

एवढा माल बोळात मावेना, म्हणून गावाच्या टोकाला एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं जुनं गॅरेज भाड्यानं घेतलं. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: ‘जास्त द्यायचे कशाला?’ दुकानाचं खरं नाव त्याखाली बारीक अक्षरांत होतं आणि ते कोणीही कधीही वाचलं नाही. लोक त्याला नुसतं ‘स्वस्त’ म्हणायचे. ‘जरा स्वस्तात जाऊन येते’, ‘स्वस्तात गर्दी होती का गं?’ आमच्या घरी पुढची तीस वर्षं हाच शब्द होता.

गॅरेजमध्ये रॅक हवे होते. मालक भंगारातले लोखंडी रॅक आणायला निघाले होते. आत्या म्हणाली, “लोखंड कशाला? तुमच्या मालाच्या लाकडी पेट्या मागे ढिगानं पडल्यात. माझा भाऊ त्यांचेच रॅक करून देईल.”

“जमेल त्याला?”

“नाही जमलं तर माझा पगार कापा.”

हे तिनं उगाच म्हटलं नव्हतं. आमचे आजोबा गेले तेव्हा घरात शिकणारी दोन मुलं होती आणि एकालाच शिकवणं परवडणार होतं. बाबा धाकटे, पण त्यांनीच दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि एका सुताराच्या हाताखाली गेले. आत्याचा औषधांचा डिप्लोमा त्यातून झाला. या गोष्टीबद्दल दोघांपैकी कोणीही कधी अवाक्षर काढलं नाही. मला हे आईनं सांगितलं, आणि मी नववीत असताना आई गेली. त्यानंतर आत्या आमच्याकडेच राहायला आली. तिनं लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणायची, “मला काउंटरच्या पलीकडची माणसं पुरतात.”

गॅरेजच्या बरोबर मध्यावर छप्पर पेलणारा एक जाडजूड लोखंडी खांब होता. बाबांनी दुकानाच्या मधोमध रॅकची एक लांब आडवी रांग केली, पुरुषभर उंच, पाच फळ्यांची. खांबापाशी ती रांग थांबायची, खांबाच्या दोन्ही बाजूंना माणूस वळेल एवढी जागा सोडायची आणि पलीकडे पुन्हा सुरू व्हायची. औषधांचा काउंटर अगदी मागे. ही मालकांची युक्ती. खोकल्याच्या औषधाला आलेला माणूस जाता-येता साबणाची वडी उचलतोच. लाकूड पेट्यांचंच असल्यामुळे फळ्यांवर जागोजागी ‘वरची बाजू’ आणि ‘सांभाळून’ असं छापलेलं होतं. बाबांनी ते मुद्दाम रंध्यानं काढलं नाही. म्हणायचे, “राहू दे, फळीलाही सल्ला लागतो.”

बाबांचा टेपवर विश्वास नव्हता. दोन कंपन्यांच्या टेपा कधी जुळत नाहीत असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पेटीच्या पट्टीची एक काठी केली आणि तिच्यावर चाकूनं खाचा पाडल्या. पहिली खाच फळीच्या उंचीची, दुसरी वाटेच्या रुंदीची आणि तिसरी खांबासाठी सोडायच्या जागेची. तिसरी खाच साडेतीन फुटांवर होती. अख्खं दुकान त्या काठीत होतं.

दुकान तुफान चाललं. दोन वर्षांत मालकांनी शेजारच्या गावात दुसरं काढलं. तिथे एक बंद पडलेली कापड कंपनीची वखार मिळाली होती. मालक बाबांना म्हणाले, “मिस्त्री, पहिल्यासारखंच हवं. एक इंचही इकडं-तिकडं नको. लोकांना डोळे मिटून साखर सापडली पाहिजे.” बाबांनी पहिल्या दुकानाच्या मागच्या अंगणात महिनाभर खपून सगळे भाग तयार केले, त्यांच्यावर आकडे टाकले आणि टेंपोत भरून नेले. आत्याची त्या दुकानात बदली झाली होती आणि मला तिथे गल्ल्यावर नोकरी मिळाली होती, म्हणून आम्ही तिघंही त्याच गावी राहायला गेलो.

उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी मी दाराजवळ साबणाच्या वड्या रचत होते. बाबांनी आकड्यानुसार एकेक रॅक जोडत आणला. एकाला एक असा बसला की सुई शिरणार नाही. आणि मग शेवटचा जोडून झाल्यावर बाबा मागे सरले, रांगेकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातला हातोडा तसाच राहिला. रांगेच्या मधोमध साडेतीन फुटांचं खिंडार होतं. खांबाची जागा त्यांनी इमानेइतबारे सोडली होती. वखारीत खांब नव्हता.

बरोबर त्याच वेळी मालक आत आले. त्यांनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, खिंडारातून आत जाऊन परत बाहेर आले.

“मिस्त्री, इथला खांब कुठाय?”

बाबा एवढे गोंधळले होते की खरं तेच बोलून गेले. “पहिल्या दुकानात राहिला.”

मालक हसायला लागले ते साखरेच्या पोत्यावर बसेपर्यंत हसले. डोळे पुसत म्हणाले, “राहू दे आता. उद्या दुकान उघडायचंय.” मीही हसले. आत्या हसली नाही. तिनं बाबांकडे एकदा पाहिलं आणि औषधांच्या बाटल्या लावायला लागली. मला तेव्हा अक्कल नव्हती, आता आहे, आणि ते हसू मला आजही बोचतं.

तर ती जागा तशीच राहिली. पहिल्या आठवड्यातच आत्याच्या लक्षात आलं की काउंटरमागच्या आपल्या उंच स्टुलावरून त्या खिंडारातून थेट दार दिसतं. पहिल्या दुकानात खांबाच्या आडून अर्धंमुर्धंच दिसायचं. इथे माणूस उंबऱ्यावर पाय ठेवतो तेव्हापासून तिच्यापाशी पोहोचेपर्यंत पूर्ण दिसायचा. आणि आत्या माणसं चालीवरून वाचायची. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, कोणाला धाप, कोणाला चक्कर. माणूस काउंटरपाशी येऊन चिठ्ठी काढेपर्यंत तिनं निम्मं ओळखलेलं असायचं. “चिठ्ठीत डॉक्टर लिहितो ते मला कळतं,” ती म्हणायची, “पण माणूस घरून काय घेऊन आलाय ते चालताना दिसतं.”

तिसऱ्या आठवड्यात पावाची गाडी चालवणारा एक धट्टाकट्टा माणूस ट्रे घेऊन आत आला. मी गल्ल्यावर, त्याच्यापासून चार हातांवर. मला तो रोजच्यासारखाच दिसला. आत्या मात्र मागून ओरडली, “तो ट्रे घे त्याच्या हातातून! बसव त्याला!” आणि धावत त्या जागेतून आली. तो डावा हात जरा अंगाशी धरून चालत होता, एवढंच तिनं पाहिलं होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाव तास उशिरा आणला असता तर हृदय थांबलं असतं. तो माणूस पुढे बावीस वर्षं आमच्याकडे पाव टाकत होता आणि दरवेळी त्या जागेत क्षणभर उभा राहून आत्याला हात करायचा. म्हणायचा, “बघून घ्या ताई, ठीक आहे ना?”

मालकांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी हुकूम काढला: इथून पुढे प्रत्येक दुकानात खांब. म्हणजे खांबाची जागा. तिसरं, चौथं, दहावं, तेविसावं, सगळी दुकानं बाबांच्या काठीवर बेतली गेली. बाबा टेंपोतून, बसमधून, एकदा तर दुधाच्या गाडीतून त्या काठीसह तीन जिल्हे फिरले. काय दिवस होते ते! नव्या दुकानाला कापलेल्या लाकडाचा, पुठ्ठ्याचा आणि साबणाचा एकत्र वास यायचा. पिवळ्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं मी भाव लिहायचे, बाबा ते टाचायचे, आत्या औषधांच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून सगळ्यांना दामटायची. एकाच डब्यातून तिघं जेवायचो. इतकं सुख पुन्हा आलं नाही, आणि ते सुख आहे हे तेव्हा कळलंही नाही.

फक्त एक गोष्ट होती. दर नव्या दुकानाच्या उद्घाटनाला मालक पाहुण्यांना तीच गोष्ट सांगायचे. “हे आमचे मिस्त्री. दुसऱ्या दुकानाला खांब आणायचा विसरले!” पाहुणे हसायचे. बाबाही हसायचे. पण घरी आले की बराच वेळ हात धूत बसायचे. मालकांच्या मनात काळंबेरं नव्हतं, त्यांना गोष्ट आवडायची इतकंच. पण ज्या माणसाच्या हातून आयुष्यात एकच माप चुकलं, त्याला तेच एकवीस वेळा चारचौघांत ऐकावं लागलं. आणि जामीन राहिली होती बहीण. एकदा मला म्हणाले, “पोरी, मी मेल्यावर लोक रॅक विसरतील. खांब विसरणार नाहीत.”

पुढे मालक थकले आणि त्यांचा मुलगा कारभार बघू लागला. आम्ही त्यांना धाकटे मालक म्हणायचो. शिकलेला, अदबीचा, बिचारा सतत काळजीत. हायवेवर मोठ्या कंपन्यांची चकाचक दुकानं यायला लागली होती आणि आमचं गिऱ्हाईक गळत होतं. एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “मिस्त्रीकाका, बावीस दुकानांत साडेतीन-साडेतीन फूट जागा मोकळी पडलीय. मला माल लावायला फळी पुरत नाही. रॅक तुमचेच आहेत, तर मधला भागही तुम्हीच करून द्या ना.”

बाबांच्या हाताला तेव्हा दोन वर्षं काम नव्हतं. घरातल्या खिडक्यांची दारं ते पुन्हा पुन्हा रंधायचे, शेवटी ती बंद करूनही फट राहायला लागली. धाकट्या मालकांचं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. धाकटे मालक गेल्यावर बाबा काठी काढून पुसायलाच बसले.

“बावीसच्या बावीस भरून टाकतो,” ते म्हणाले. “एकदाचा तो डाग पुसला जाईल.”

आत्या भांडी घासत होती. ती थांबली. “बाळ्या, तू ते भरलंस तर मला दार दिसणार नाही.”

“तुझ्या काउंटरवर गोल आरसा लावून देतो. सगळं दुकान दिसेल.”

“आरशात माणूस उलटा दिसतो. डाव्या पायानं लंगडणारा उजव्यानं लंगडेल. मी कोणत्या पायाचं औषध देऊ?”

“ताई, तीस वर्षं लोक मला हसतायत.”

“आणि तीस वर्षं मी त्या जागेतून माणसं बघतेय. तुझी चूक झाली म्हणून बघतेय. ती चूक नव्हतीच, असं कितीदा सांगू तुला?”

“चूकच होती!” बाबा ओरडले. बाबांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. “तुझ्यासाठी खिडकी सोडावी असं माझ्या डोक्यात असतं तर गोष्ट वेगळी. माझ्या डोक्यात काही नव्हतं. काठीवर खाच होती, मी जागा सोडली. गाढवपणा होता तो. आता तो निस्तरायची संधी आलीय तर तू आडवी पडू नकोस.”

त्या रात्रीपासून दोघांचा अबोला. तीन माणसांचं घर, त्यात दोघं बोलत नाहीत, म्हणजे तिसऱ्याचं काय होतं ते विचारू नका. “तुझ्या बाबाला सांग, डबा ओट्यावर ठेवलाय.” बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर. “तुझ्या आत्याला सांग, दिसतोय मला.” मी एकदा वैतागून म्हटलं, “मला दोन्हीकडून टपालाचा पगार द्या.” तर दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं. आत्याला निवृत्त व्हायला दोनच वर्षं उरली होती. पण ती म्हणायची, “मी गेले तरी त्या स्टुलावर कोणीतरी बसेलच ना?” आणि बाबा अंगणात करवत चालवत राहायचे. महिन्याभरात पहिला रॅक तयार झाला. खरं सांगते, त्यांच्या हातचा तो सगळ्यात देखणा रॅक होता. पाठ सलग फळ्यांनी बंद, कडा बोटानं चोळून गुळगुळीत केलेल्या, आणि फळीवर कुठेही ‘सांभाळून’ नाही. जुन्या पेट्यांचं लाकूड आता मिळत नव्हतं.

रविवारी दुकान बंद असायचं. धाकट्या मालकांकडून किल्ली घेऊन बाबांनी आणि मी तो रॅक हातगाडीवरून दुसऱ्या दुकानात नेला. सकाळचं ऊन दारातून आत आलं होतं. बाबांनी रॅक उभा केला, खांद्यानं हलकेच रेटला आणि तो त्या साडेतीन फुटांत गेला, तो असा गेला की जणू तीस वर्षं तिथेच होता. ना फट, ना पाचर. बाबांनी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत नेला. कुठेही अडला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ. आता कोण हसतंय?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही आलं. मला त्या क्षणी बाबांची बाजू अगदी पटली होती. आत्याचा हट्ट वाटला.

मग ते म्हणाले, “तू दारात जाऊन उभी राहा. मागून रांग कशी दिसते ते बघतो.” मी दारात गेले. बाबा काउंटरमागे गेले आणि बसायला काही नव्हतं म्हणून आत्याच्या स्टुलावर बसले. तो स्टूल त्यांनीच तिच्या मापानं केला होता, पण इतक्या वर्षांत त्यावर ते कधी बसले नव्हते. सुतार काउंटरच्या अलीकडचा माणूस. तिथे बसून दुकान कसं दिसतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

 बऱ्याच वेळानं आतून म्हणाले, “गेलीस का दारात?”

“कधीची उभी आहे.”

“दिसत नाहीस.”

“रॅक आहे ना मध्ये.”

 मग म्हणाले, “जरा लंगडत चाल.” मला वाटलं गंमत करतायत. मी लंगडत चार पावलं टाकली. “चालतेय का?” त्यांनी विचारलं. “हो बाबा.” “कोणत्या पायानं?” “डाव्या.” स्टूल करकरला. मग म्हणाले, “छाती धरून ये.” त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की मला हसू आलं नाही. छातीला हात लावून मी रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले, वळले आणि तेव्हा कुठे त्यांना दिसले. काउंटरपासून दोन हातांवर. बाबा स्टुलावर बसून माझ्याकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“तो पाववाला इथपर्यंत आलाच नसता,” ते म्हणाले.

नंतर ते उठले. हत्यारांची पिशवी उघडली. रॅक आत ढकलायला दोन मिनिटं लागली होती, बाहेर काढायला तासभर लागला. इतका घट्ट बसला होता. एका बाजूची कड ओरबाडली गेली. मी काही बोलायला गेले तर म्हणाले, “धर तिकडून.” हातगाडीवर घालून आम्ही तो परत घरी आणला.

संध्याकाळी ते धाकट्या मालकांना किल्ली द्यायला गेले, मी बरोबर होते. मी ऐकलेलं सांगते. बाबा म्हणाले, “मालक, माप चुकलं. रॅक बसत नाही.”

“अहो, मग थोडा तासून...”

“बाविसांपैकी एकही बसणार नाही. काठीच चुकीची आहे. माझी नजर गेली आता, या कामाला मला धरू नका. आणि दुसऱ्या कोणाला धरलंत तरी जुने रॅक सगळीकडे कललेत, मध्ये काही रेटलं तर रांग पडेल.”

रॅक ठणठणीत होते. नजरही. आपली एक चूक पुसायला निघालेला माणूस न केलेली दुसरी चूक अंगावर घेऊन परत आला. आठवडाभरात सगळ्या दुकानांत बोललं जाऊ लागलं की मिस्त्रींचं वय झालं, साधा रॅक बसवता येत नाही आता. बाबांनी कोणालाही काहीही सांगितलं नाही. मलाही सांगू दिलं नाही.

सोमवारी सकाळी आत्या स्टुलावर बसायला गेली. मी गल्ल्यावरून बघत होते. तिनं स्टुलावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला लाकडाचा भुसा पाहिला आणि मग त्या जागेतून दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. दुपारी बाबा तिचा विसरलेला चष्मा द्यायला आले तेव्हा भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तिनं हाक मारली, “बाळ्या, जेवलास का?” बाबा म्हणाले, “नाही ताई.” माझी टपालाची नोकरी त्या दिवशी सुटली.

साखळी पुढे फार टिकली नाही. दीड वर्षानं धाकट्या मालकांनी सगळी दुकानं एका मोठ्या कंपनीला विकली. त्यांना दोष नाही, त्यांनी शेवटपर्यंत हातपाय मारले. नव्या लोकांनी दोन दिवसांत लाकडी रॅक उपटले आणि स्टीलचे बसवले. शेवटच्या दिवशी खूप जुनी गिऱ्हाइकं आली. एक आजी ‘सांभाळून’ लिहिलेली फळी मागून घेऊन गेल्या. पाववाला त्या जागेत उभा राहिला आणि त्यानं आत्याला हात केला. आत्यानं मान हलवून ‘ठीक आहेस’ असं सांगितलं. मला अजूनही कधीतरी फाटक्या खोक्यातल्या साबणाचा वास येतो आणि मी वळून बघते.

तो न बसवलेला रॅक आमच्या घरीच राहिला. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामध्ये दार नव्हतं, रुंद कमान होती. तिथे तो आडोसा म्हणून उभा केला. डबे, पुस्तकं, औषधं, सगळं त्यात. ओरबाडलेली कड भिंतीकडे.

गेल्या वर्षी बाबांनी अंथरूण धरलं. मधल्या खोलीत उजेड असतो म्हणून पलंग तिथे लावला. आत्याचे गुडघे गेलेत, ती दिवसभर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून असते. दोघं रॅकच्या दोन बाजूंनी एकमेकांशी मोठ्यानं बोलायचे. बाबांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला, मग आत्या मला विचारायला लागली, “काय म्हणाला तो?” पुन्हा टपाल सुरू झालं.

एका दुपारी बाबांनी मला जवळ बोलावलं. “तो रॅक काढ तिथून.”

“कुठे ठेवू बाबा? घरात जागा नाही.”

“अंगणात टाक. पावसात भिजू दे.” आणि मग, थांबून थांबून, “तिथून ताईला मी दिसायला हवा.”

मी आणि शेजारच्या दोघांनी मिळून तो बाहेर काढला. त्यानंतर आत्यानं खुर्ची जराशी वळवून घेतली आणि बाबांनी उशी. दोघं दिवसभर एकमेकांना बघायचे, बोलायचे फारसं नाही. मध्येच आत्या म्हणायची, “बघतेय रे.”

अकरा दिवसांनी, सकाळी, मी त्यांच्या पलंगापाशीच तांब्यात पाणी ओतत होते. बाबा पडून होते, मला ते रोजच्यासारखेच दिसले. आत्या शेंगा सोलत होती. तिनं ताट खाली ठेवलं आणि काठी न घेता, भिंतीला न धरता ती उठली. पाच वर्षांत ती अशी चालली नव्हती. माझ्या अंगावरून पुढे गेली, पलंगावर बसली आणि तिनं बाबांचा हात हातात घेतला. बाबांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्यानंतर फार तर दहा श्वास असतील. मी तांब्या धरून तशीच उभी होते. मला काहीच कळलं नव्हतं, मी तर हातभर अंतरावर होते.